मुतखडा सुपारीएवढा, छेद बोटभर!

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शेवटचा गुरुवार होता. पुरण वाटायला बसले आणि उजव्या कुशीत अशी कळ आली, की सगळे तिथेच टाकून मी भिंतीला टेकले. "वात असेल गं, ओवा खा," सासूबाई म्हणाल्या. मीही दीड वर्ष स्वतःला तेच सांगत आले होते. सकाळचे डबे, दुपारी शाळेतले चार तास, संध्याकाळी मुलांचा अभ्यास! स्वतःच्या कुशीकडे बघायला सवड कुणाला?

या वेळी मात्र 'ह्यां'नी माझे काही ऐकले नाही. सोनोग्राफी केली. उजव्या मूत्रपिंडात तीन सेंटिमीटरचा खडा निघाला. म्हणजे चांगला सुपारीएवढा!

मग सल्ल्यांना काय तोटा? कुळथाचे कढण झाले, पानफुटीची पाने झाली. महिनाभर सगळे इमानेइतबारे घेतले. खडा जागचा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "चार-पाच मिलिमीटरचा खडा पुष्कळदा आपोआप पडतो. त्याचं श्रेय कढणाला मिळतं. पण मूत्रवाहिनी असते जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. एवढा मोठा खडा त्या वाटेनं जाणार कसा?" खरेच, चहाच्या गाळणीतून बटाटा जाईल का? ऑपरेशन टाळले तर मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्या रात्री सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पदर सारून त्यांनी कूस दाखवली. पाठीपासून पोटापर्यंत वीतभर लांब वण! "चौऱ्याऐंशी साली झालं माझं. दोन महिने साधी कळशी उचलता आली नाही. तुझ्या वाट्याला ते नको, म्हणून कढण करून घालत होते." इतक्या वर्षांत त्या हे कधी बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. १९७६ साली स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहानसन या डॉक्टरांनी पाठीतून बारीक वाट करून खडा काढण्याची पद्धत जगापुढे मांडली. तिला 'पी.सी.एन.एल.' म्हणतात. लहान खडे बाहेरून आघातलहरी देऊन फोडता येतात किंवा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून काढता येतात. पण दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्याला बहुधा हीच पद्धत सुचवतात.

ती अशी : आधी भूल देतात. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पाठीतून मूत्रपिंडात सुई घालतात. सुईतून बारीक तार सरकवतात आणि तारेवरून ती वाट साधारण एक सेंटिमीटरपर्यंत रुंद करतात. त्यातून दुर्बीण आत जाते. खडा फोडतात आणि तुकडे त्याच वाटेने बाहेर काढतात. आता याहूनही बारीक वाटेने हे करता येते.

माघात माझे ऑपरेशन झाले, चौथ्या दिवशी मी घरी आले. काहीच दुखले नाही, असे मात्र म्हणणार नाही. दोन दिवस लघवी लालसर होती. आत ठेवलेल्या 'स्टेंट' नावाच्या नळीमुळे सारखे लघवीला जावेसे वाटे. रक्तस्राव, ताप, एखादा तुकडा मागे राहणे असे धोकेही असतात. ते आधीच विचारून घ्यावेत.

मैत्रिणींनो, अनुभवाचे चार शब्द :

* ऑपरेशनपूर्वी लघवीची तपासणी होते. त्यात जंतुसंसर्ग निघाला तर आधी त्यावर उपचार करून घ्यावे लागतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.
* स्टेंट काढायची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. बरे वाटले म्हणून तो विसरला, तर त्याच्यावरच खडे जमतात.
* काढलेला खडा तपासायला द्या. पुढचे पथ्य त्यावर ठरते.
* लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर होईल इतके पाणी प्या. लिंबू चांगले. मीठ, लोणची, पापड बेताने. दूध मात्र मनाने बंद करू नका.
* कुशीत दुखून थंडी-ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि एक कबुली देते. शाळेतले स्वच्छतागृह धड नाही, म्हणून दुपारभर मी पाण्याचा थेंब घेत नसे. आपल्यापैकी कितीजणी असेच करतात! आता आम्ही सातजणींनी सह्या करून मुख्याध्यापकांना अर्ज दिला. दाराला नवी कडी बसली, नळालाही पाणी आले.

परवा सासूबाईंनी माझ्या पाठीवरची खूण पाहिली. जेमतेम बोटाच्या पेराएवढी. "एवढीशीच?" म्हणाल्या आणि क्षणभर आपल्या कुशीवरून हात फिरवला. नंतर पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी त्यांच्यासाठीही फुलपात्र भरले. कारण एकदा खडा झालेल्याला तो पुन्हा होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही बजावले आहे.