विश्लेषण : करकपात एकच, एका बँकेला फटका, दुसरीला फायदा! ‘डेफर्ड टॅक्स’चे गणित काय?

अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये कंपनी कराचा दर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणणारा कायदा झाला. त्याच तिमाहीत सिटीग्रुपने १८.३ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, तर वेल्स फार्गोच्या नफ्यात त्या कायद्यामुळे सुमारे ३.३५ अब्ज डॉलरची भर पडली. कर कमी झाला तर सगळ्याच बँकांचे फावायला हवे होते. मात्र या दोन बँकांच्या ताळेबंदात ‘डेफर्ड टॅक्स’ म्हणजे पुढे ढकललेला कर विरुद्ध बाजूंना होता. वेल्स फार्गोच्या बाबतीत त्याचा एक धागा भाड्याने दिलेल्या रेल्वे वाघिणींपर्यंत जातो.

भाड्याने देणारी बँक

ही बँक वाघिणी विकत घेऊन कंपन्यांना लीजवर देत असे. वाघिणीचा घसारा बँकेच्या हिशेबात हळूहळू लागतो, कर कायद्यात मात्र तो झटपट मिळतो. त्यामुळे सुरुवातीला कर कमी भरावा लागतो आणि उरलेला पुढे द्यायचा असतो. ही झाली ‘डेफर्ड टॅक्स लायबिलिटी’. दर उतरला की हे देणे आपोआप आटते. सिटीकडे उलट मोठी ‘ॲसेट’ होती. भविष्यात वाचणाऱ्या कराची ही नोंद दर घटताच हलकी झाली.

भाड्याने घेणारी बँक

शाखेची जागा भाड्याने घेतली की चित्र पालटते. जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या ‘आयएफआरएस १६’ या जागतिक मानकानुसार पुढील भाड्याचे आजचे मूल्य देणे म्हणून मांडावे लागते. समजा, भाडे वर्षाला १०० लाख रुपये, करार १० वर्षांचा, व्याजदर ८ टक्के. देणे होते सुमारे ६७१ लाख. पहिल्या वर्षी घसारा ६७ लाख आणि व्याज ५४ लाख, म्हणजे पुस्तकी खर्च १२१ लाख. कर खाते वजावट देते फक्त भरलेल्या १०० लाखांची, असे धरू. उरलेल्या २१ लाखांची वजावट पुढे मिळेल. २५.१७ टक्के दराने त्यावरचा कर सव्वापाच लाखांच्या आसपास. हीच ‘डेफर्ड टॅक्स ॲसेट’. ती रोकड नाही. पुढे नफाच झाला नाही तर तिचा उपयोगही नाही.

पहिल्याच दिवशी ही नोंद करायची की नाही, यावर कंपन्यांत एकवाक्यता नव्हती. मे २०२१ मध्ये नियम बदलला आणि जानेवारी २०२३ पासून देणे व मालमत्ता या दोन्हींवरचा कर मांडणे बंधनकारक झाले.

भारतात काय?

रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये बँकांसाठी ‘इंड-एएस’ मानके लांबणीवर टाकली. त्यामुळे शाखेचे भाडे आपल्या बँका अजून साधा खर्चच मानतात. त्यांची ॲसेट मुख्यतः बुडीत कर्जांच्या तरतुदींतून येते. पण दर बदलला की दणका तोच! सप्टेंबर २०१९ च्या करकपातीनंतर आयसीआयसीआय बँकेला २,९२० कोटी रुपयांचा एकरकमी भार घ्यावा लागला आणि तिमाही नफा ६५५ कोटींवर आला. अशी ॲसेट किती आहे, हे बँकेच्या वार्षिक अहवालात परिशिष्ट ११, ‘इतर मालमत्ता’ या शीर्षकाखाली पाहता येते.