भाजलेले मूल आणि आपण

भाजलेले मूल दिसले की आपण ‘अरेरे!’ म्हणतो आणि लगेच विचारतो, ‘कसं झालं?’ आम्हीही विचारले होते. बँकेच्या काउंटरवर आईसोबत आलेली सात वर्षांची मुलगी. हनुवटीपासून गळ्यापर्यंत कातडी ओढलेली. आई बोलण्याआधीच ती म्हणाली, ‘मी मस्ती केली म्हणून.’ उत्तर पाठच झाले होते! कढत पाण्याची बादली वाटेत ठेवणारे मोठे माणूस त्या उत्तरात कुठेच नव्हते.

लहान मुले बहुधा गरम पाणी, चहा, आमटी अंगावर सांडून भाजतात. एका खोलीच्या घरात चूल, पातेले, बादली सारे जमिनीवरच. मुलांची कातडी पातळ, म्हणून जखम खोल जाते. भाजताच २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही लावू नये, आणि दवाखाना गाठावा.

मुलाला सर्वांत मोठी धास्ती ड्रेसिंगची. शहाणेसुरते मूल पुन्हा अंथरूण ओले करते, झोपेत दचकते, आईला सोडत नाही. घरच्यांना वाटते, लाडावले. तसे नसते; ते भ्यालेले असते. ‘दुखणार नाही’ असे त्याला सांगू नये. ते खोटे ठरले की डॉक्टरांवरचाच नव्हे, आईवरचाही विश्वास उडतो. त्यापेक्षा दुखेल हे सांगावे, आणि डॉक्टरांच्या संमतीने पट्टीची कड त्यालाच सोडवू द्यावी, ‘थांबा’ म्हणाले तर क्षणभर थांबावे. एवढे हाती आले तरी मूल धीर धरते.

जखम भरली तरी सारे संपत नाही. अंग वाढते, व्रण तेवढा वाढत नाही. मान, कोपर, बोटे आखडतात, पुन्हा शस्त्रक्रिया लागते. व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे दिवसातले सुमारे २३ तास, वर्षभर किंवा अधिकही घालावे लागतात. त्यात खाज! व्हिएतनामची किम फुक १९७२ साली नऊ वर्षांची असताना नापाम बाँबने भाजली. त्याच व्रणांवर ती २०१५ सालीही उपचार घेत होती.

शाळेत परतण्याआधी बाईंनी वर्गाला सांगावे की व्रणाला हात लावल्याने काही होत नाही. मुलालाही एक उत्तर तयार करून द्यावे: ‘भाजलं होतं, आता बरं आहे. चल, खेळू.’

पुढच्या महिन्यात ती मुलगी पुन्हा आली. या वेळी आम्ही इयत्ता विचारली. ‘दुसरी,’ ती म्हणाली, ‘पाढे म्हणून दाखवू?’ मागे रांग खोळंबली होती. तरी तिने सातापर्यंत म्हटले.