शनीजवळच्या गारा

ऑपरेशन थिएटरात सगळ्यांचे डोळे टेबलावर असतात. रुग्णाच्या रक्तातल्या ऑक्सिजनवर पहारा असतो तो कानांचा. पल्स ऑक्सिमीटर नाडीच्या ठोक्यागणिक वाजतो आणि ऑक्सिजन उतरू लागला की त्याचा सूरही उतरतो. पडद्यावरचा आकडा न बघताही भूलतज्ज्ञाला काहीतरी बिघडतंय हे कळतं.

आकडे असे कानांनी वाचण्याचा माझा सर्वांत लाडका किस्सा मात्र शनीजवळचा आहे. ऑगस्ट 1981. व्हॉयेजर 2 यान शनीच्या कड्यांचं प्रतल ओलांडत होतं आणि त्याच्या अँटेनाने पाठवलेल्या नोंदी आलेखावर नुसता गिचमिड गोंधळ वाटत होत्या. शास्त्रज्ञांनी त्या स्पीकरवर वाजवल्या. पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा तडतडाट! यानावर धुळीचे सूक्ष्म कण आदळत होते.

आता पोकळीत आवाज कुठून आला? आलाच नाही. कण इतक्या वेगाने आदळतो की क्षणात त्याची वाफ होते, विद्युतभारित कणांचा इवलासा ढग उठतो आणि अँटेनाला त्याचा झटका बसतो. तो झटका स्पीकरला दिला की ‘टप्’. (‘ग्रहांचं संगीत’ म्हणून फिरणारे व्हिडिओ ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.)

कानाला हे जमतं, कारण वेळेच्या बाबतीत तो डोळ्यापेक्षा फार तल्लख. सेकंदाला 24 चित्रं दाखवली की डोळा फसतो, त्याला सिनेमा दिसतो. कानाला मात्र काही मिलिसेकंदांची फटही कळते. शिवाय तो सवयीचं सोडून देतो. पंख्याची घरघर रात्रभर ऐकू येत नाही, पण वीज गेली आणि पंखा थांबला की जाग येते.

शांतताही बोलते ती अशी. 26 एप्रिल 2017 रोजी कॅसिनी यान शनी आणि त्याची कडी यांच्यामधल्या सुमारे 2,400 किलोमीटर रुंद फटीत शिरलं. धुळीच्या धास्तीने त्याने आपली मोठी तबकडी अँटेना ढालीसारखी पुढे धरली होती. आयोवा विद्यापीठाच्या विल्यम कुर्थ यांनी या पहिल्या फेरीतल्या नोंदी पुन्हा पुन्हा ऐकल्या: हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच टपटप आवाज. त्यामुळे उरलेल्या 21 फेऱ्यांपैकी फक्त चार फेऱ्यांसाठी ढाल धरायचं ठरलं.