पाय पाहून अंथरूण

माझी भाची तंजावरची. तिथे मराठी बोलणारी घरं साडेतीनशे वर्षांपासून आहेत, आणि तिच्या घरीही आत मराठी, बाहेर तमिळ. त्यामुळे एकाच शब्दाचे तिच्याकडे दोन-दोन अर्थ असतात. ‘पाय’चंच बघा ना. मराठीत पाय म्हणजे ज्यावर आपण चालतो तो, आणि तमिळमध्ये पाय म्हणजे चटई! कोरै नावाच्या गवताची, गारेगार, गुळगुळीत चटई. तंजावरच्या उकाड्यात त्या पायावर पाय पसरले की झालं अंथरूण. पांघरूण हवंय कुणाला?

पण गेल्या जानेवारीत आम्ही पाठीवर सॅक टाकून कोडाईकनालला निघालो, आणि पांघरुणाचा प्रश्न आला. तंजावर जवळजवळ समुद्रसपाटीला, तर कोडाईकनाल साधारण 2100 मीटर उंचीवर. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे तंजावरला रात्री 21 अंश असतील, तर कोडाईला किती? करा वजाबाकी. सात-आठ!

भाचीसाठी कुणाची तरी मोठ्या माणसाची स्लीपिंग बॅग मागून आणली. जाडजूड होती, मला वाटलं पुरेल. रात्री दोन वाजता तंबूत आवाज आला, “मावशी, ही पिशवी गरम होतच नाही!” तिचे तळवे धरून पाहिले, तर बर्फ.

गंमत अशी, की स्लीपिंग बॅग गरम होतच नसते. तिच्यात ऊब नसतेच मुळी. ऊब असते तुमच्या अंगात. बॅग फक्त हवा पकडून ठेवते, आणि अडकून पडलेली हवा ऊब सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. थंडीत चिमणी फुगून गोल होते ना? ती पिसांच्या मधे हवाच साठवत असते.

आता आमच्या भाचीचं काय झालं बघा. नऊ वर्षांची, 26 किलोंची मुलगी, आणि बॅग सहा फुटी माणसाची. पायांच्या खाली दोन फूट रिकामी जागा. तेवढी सगळी हवा तिच्या इवल्याशा अंगाने तापवायची! तिने कूस बदलली, की तापलेली हवा गळ्याशी असलेल्या फटीतून बाहेर.

शिवाय लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. खरं वाटत नाही? मग एकाच वाफेतून निघालेली एक मोठी इडली आणि एक बटण इडली ताटात ठेवा. पाच मिनिटांनी दोन्ही फोडून आत बोट लावा. बटण इडली केव्हाच निवलेली असते. वस्तू लहान असली की आतल्या ऐवजाच्या मानाने तिचं बाहेरचं अंग जास्त असतं, आणि ऊब जाते ती बाहेरच्या अंगातूनच.

म्हणून बॅगेवरच्या तापमानाच्या आकड्यावर मुलांनी विसंबायचं नाही. तो आकडा काढतात कसा, माहितीये? तापवलेला माणसाएवढा पुतळा बॅगेत झोपवून! त्यावरून हिशोब करतात तो 60 किलोंच्या बाईचा आणि 73 किलोंच्या पुरुषाचा. मुलांसाठी असा हिशोब हे आकडे काढायच्या नियमांत नाहीच. मी तर जिथे जायचं तिथल्या थंडीपेक्षा पाच-सहा अंश जास्त थंडी झेपेल अशीच बॅग मुलांसाठी घेते.

बॅगेत भरायचं काय? तंजावरकडे इलवम पंजूच्या गाद्या-उशा असतात, म्हणजे सावरीचा कापूस. तमिळमध्ये एक म्हण आहे, इलवाचं फळ पिकायची वाट बघत बसलेल्या पोपटाची. फळ पिकलं, फुटलं, आणि आतून निघाला कापूस! पोपट उपाशी. पण आपल्यासाठी त्या कापसात मेजवानी आहे, कारण त्याचा एकेक तंतू नळीसारखा पोकळ असतो. आत नुसती हवा! पूर्वी काही स्लीपिंग बॅगांत हाच कापूस भरत. पण तो दाबून-दाबून बसका होतो, पुन्हा फुगत नाही. आता बदका-हंसांची मऊ पिसं भरतात किंवा कृत्रिम धागा. पिसं सगळ्यात हलकी, पण भिजली की चिकटून गोळा होतात आणि हवा गायब. कोडाईच्या धुक्यात, सांडलेल्या पाण्यात, लहान मुलांच्या झोपेत मला कृत्रिम धागाच भरवशाचा वाटतो, थोडा जड असला तरी.

आणि वजन हा मुद्दा सोडून चालणार नाही. मुलाने आपल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांहून जास्त ओझं उचलू नये. 26 किलोंच्या भाचीला म्हणजे फार तर चार किलो. त्यात एक लिटर पाणी म्हणजे एक किलो गेलाच. कपडे, खाऊ, टोपी. बॅगेला राहतो जेमतेम एक किलो. पूर्वी रामेश्वरला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या सरफोजी राजांनी जवळच ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्र, म्हणजे धर्मशाळा, बांधलं, तिथे निवारा आणि जेवण मिळे. वाटेत अशी सोय असली की वळकटी लहान बांधता येते. आमच्या वाटेवर छत्र नव्हतं.

त्या रात्री मग मी काय केलं? भाचीला बाहेर काढलं, बॅगेचा खालचा भाग तिच्या तळव्यांच्या थोडा खाली दोरीने करकचून आवळला. झाली बॅग छोटी! डोक्यावर लोकरीची टोपी. तोंड मात्र बाहेर, कारण श्वासाच्या वाफेने बॅग आतून ओलसर होते.

तरी पाठीला गार लागतंय म्हणाली. बरोबरच होतं. अंगाखाली भरण दबतं, त्यातली हवा निघून जाते, आणि जमीन ऊब ओढून घेते. मी सॅकला बांधलेली कोरैची चटई सोडली. त्या गवताच्या काडीचा गाभा स्पंजासारखा असतो, हवेने भरलेला. चटई बॅगेखाली सरकवली.

थोड्या वेळाने अंधारातून झोपाळलेला आवाज आला, “मावशी, आता पायाखाली पाय आहे.”