पाइपातलं पाणी काढलं का?

सारंगखेडा म्हटलं की घोडे! दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ही यात्रा बघायला आम्ही चौघं पुण्याहून गेलो होतो. बाकीचे घोड्यांचे फोटो काढण्यात बिझी आणि आमचा एक मित्र मात्र एका तंबूसमोर गुंडाळून ठेवलेल्या पाइपकडे टक लावून उभा. "काका, यातलं पाणी काढलं का हो?" काकांनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की आम्हीच लाजलो.

त्याचाही दोष नाही. साहेब एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवतात. नवखा असताना एकदा त्याने काम संपल्यावर पाइप धुतला आणि तसाच गुंडाळून ठेवला. दोन दिवसांनी त्याच पाइपातून नवा माल टाकीत गेला. आठवड्याने झाकण उघडलं, तर आंबट वास आणि वर बटर पॉपकॉर्नची चव! ५०० लिटर बिअर सरळ गटारात. पाइपात उरलेल्या ग्लासभर पाण्यात लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस अशी मंडळी मुक्कामाला होती. "पगार कापला नाही, पण आठवडाभर कोणी बोललं नाही," तो म्हणाला.

आता जरा फंडा समजून घेऊ. माल्टचा गोड काढा म्हणजे वर्ट. तो तासभर उकळत असतो, तोवर टेन्शन नाही. त्यात काही जगतच नाही. खरी धाकधूक त्यानंतर. यीस्ट सोडायचं तर काढा १८-२० अंशांवर हवा, आणि तोही झटपट. रेंगाळला तर उकडलेल्या मक्यासारखा वास धरतो, शिवाय कोमट गोड काढा म्हणजे हवेतल्या जंतूंना पंगतीचं आमंत्रणच. पटकन गार केला की प्रथिनांचा गाळ खाली बसतो, तो बोनस.

यासाठी असतो प्लेट चिलर. पातळ पत्र्यांच्या एका बाजूने काढा, दुसऱ्या बाजूने उलट दिशेने गार पाणी. तापून बाहेर पडलेलं पाणी पुढच्या घाण्याला वापरायचं. पण एप्रिलमध्ये आपल्या नळाचं पाणीच कोमट! त्याने २० अंश कसे गाठणार? म्हणून दुसऱ्या टप्प्यात बर्फासारखं गार केलेलं पाणी किंवा ग्लायकॉल लागतं.

गंमत म्हणजे, सारंगखेड्याच्या उत्तरेला सातपुड्यात हे गार करण्याचं शास्त्र जुनंच आहे. मोहाची दारू गाळताना वरच्या भांड्यातलं पाणी तापलं की बदलतात, नाहीतर वाफेची धारच धरत नाही. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण पार्टीत उगाच नाही वापरत!

काम संपलं की? लगेच गरम कॉस्टिक फिरवायचं, पाण्याने धुवायचं, सगळे व्हॉल्व्ह उघडून लाइन रिकामी करायची. आणि पाइप मध्ये झोळ न ठेवता, दोन्ही टोकं खाली सोडून टांगायचा. वापरण्याआधी पुन्हा सॅनिटायझर. कंटाळवाणं आहे, पण ब्रुअरचा निम्मा दिवस यातच जातो. दाढी वाढवून ग्लास उंचावणारे ते ब्रुअर फक्त फोटोत.

घरच्या बाल्कनीत ट्राय करायचा विचार असेल तर जरा थांबा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती स्वतःसाठी पाच लिटर का असेना.

आणि हो, काकांचा पाइप मित्राने शेवटी टांगलाच. तंबूच्या दोरीवर. काकांनी त्याला चहा पाजला, आणि घोडा घेतोस का म्हणून तासभर सोडलं नाही.