अवजड यंत्रांची देखभाल आणि आरमोरीचा विद्यार्थी

वैनगंगेकाठच्या, धानाच्या पट्ट्यातील आरमोरी तालुक्यातल्या तरुणाला घराजवळ राइस मिलची यंत्रे दिसतात. चंद्रपूरच्या कोळसा खाणींत आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखाणीत डंपर, डोझर आणि पोकलेन चालतात. ही यंत्रे चालवणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. मात्र ती चालू स्थितीत राखणाऱ्याचे कौशल्य गिरणीपासून खाणीपर्यंत कोठेही उपयोगी पडत असल्याने ते अधिक टिकाऊ उपजीविका देते.

अमेरिकेत असे शिक्षण प्रामुख्याने कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे परिसरातील रोजगाराच्या गरजा पाहून साधारणपणे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांत मिळते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत तशी योजना आणली. तथापि ग्रामीण विद्यार्थ्याच्या खरोखर आवाक्यात आहे ती 1950 मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून वाढलेली औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आयटीआय, आणि अशी शासकीय संस्था आरमोरीतही आहे. आयटीआयच्या व्यवस्थेत दहावीनंतर डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे पुढे कारखान्यात विद्यावेतनासह काम शिकता येते.

देखभाल म्हणजे केवळ दुरुस्ती नव्हे. राइस मिलमध्ये धानाचे टरफल काढणाऱ्या शेलरात रबराचे दोन रोल वेगवेगळ्या गतीने एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या दाण्याचे टरफल घासून सुटते. जलद फिरणारा रोल लवकर झिजत असल्याने दोन्ही रोलांची जागा वेळोवेळी आपसांत बदलावी लागते आणि त्यांच्यातील फट जुळवावी लागते. हे वेळेवर झाले नाही, तर यंत्र बंद पडत नाही, पण बरेच धान न सोलताच बाहेर येते किंवा तांदळाची कणी वाढते, आणि गिरणीमालकाचा तोटा दिवसेंदिवस साचत राहतो. बिघाड होण्याआधी ठरावीक अंतराने केलेल्या अशा कामाला प्रतिबंधात्मक देखभाल म्हणतात, आणि या विद्येचा खरा गाभा तोच आहे.

पोकलेनमध्ये हेच तत्त्व अधिक कठोर होते. त्याचा हात हायड्रॉलिक शक्तीने, म्हणजे पंपाने दाबलेल्या तेलाच्या जोरावर उचलला जातो, आणि तेलात धुळीचे कण शिरले की पंप व व्हॉल्व्ह आतून घासले जातात. म्हणून खनिजाच्या धुळीत काम करणाऱ्या यंत्राचे फिल्टर आणि सील तपासणे हे दुय्यम काम मानता येत नाही. दाबाखालील तेलाची बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते, त्यामुळे गळती कधीही हाताने चाचपायची नसते, तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून शोधायची असते. ही सवय पहिल्याच आठवड्यात शिकवली गेली पाहिजे.

खाणीत काम करणाऱ्यांसाठी 1966 च्या नियमांनुसार स्वतंत्र व्यावसायिक प्रशिक्षण बंधनकारक आहे, परंतु ते मूलभूत यंत्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून दहावीनंतर प्रवेश घेताना आरमोरी परिसरातील विद्यार्थ्यांनी व पालकांनी केवळ प्रमाणपत्राची चौकशी करून थांबू नये. कार्यशाळेत इंजिन आणि पंप प्रत्यक्ष उघडायला मिळतात का, आणि शिकाऊ उमेदवारी कोणत्या कारखान्यात मिळते, हे संस्थेत जाऊन आधी विचारून घ्यावे.