बँकॉकला निघालात? आधी विमानतळ कोणता ते पाहा!

सुट्टी म्हटली की माहेर, नाहीतर फार तर महाबळेश्वर, असा आपला रिवाज होता. आता भिशीच्या बायकासुद्धा गट करून थायलंडला निघतात. नवल नाही! मुंबईहून बँकॉक विमानाने चार-साडेचार तासांवर. रत्नागिरीला रेल्वेने जायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पण बहुतेक घरांत तिकिटं काढायची यजमानांनी आणि बॅगा भरायच्या आपण, अशी वाटणी असते. तिकिटाकडे आपण ढुंकूनही बघत नाही. मैत्रिणींनो, इथेच घोटाळा होतो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं उदाहरण सांगते. मुंबई-बँकॉक तिकीट एक, पुढचं फुकेतचं दुसरं. मध्ये दोन तासांचा अवधी. भरपूर वाटला. बँकॉकला उतरल्यावर कळलं, की फुकेतचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून सुटतं! पाचजणांची तिकिटं वाया, आणि नवी घ्यावी लागली ती वेगळीच. वर्षभर साठवलेल्या पैशांना पहिल्याच दिवशी मोठी कात्री.

एक शहर, दोन विमानतळ

बँकॉकला मोठे विमानतळ दोन. पहिला सुवर्णभूमी. तो २००६ साली सुरू झाला. तिकिटावर त्याची खूण ‘बीकेके’. नाव आपल्या ओळखीचं वाटतं ना? आपल्या जुन्या जातककथांतले व्यापारी गलबतं घेऊन ज्या सुवर्णभूमीला जात, तेच हे नाव. थाई लोक मात्र उच्चार ‘सुवन्नफूम’ असा करतात. आत समुद्रमंथनाचं भलंमोठं रंगीत शिल्प आहे. एकीकडे देव, दुसरीकडे दानव आणि मध्ये वासुकीची दोरी. मुलांना गोष्ट सांगायला छान! इथून शहरात जायला २०१० पासून रेल्वेही आहे.

दुसरा डॉन मुआंग. हा फार जुना, १९१४ सालचा. याची खूण ‘डीएमके’, आपल्याकडच्या राजकीय पक्षासारखी, त्यामुळे लक्षात राहते. स्वस्त तिकिटांची पुष्कळ विमानं इथून सुटतात. दोन्हींमध्ये रस्त्याने तास-दीड तास सहज जातो; गर्दीच्या वेळी त्याहून जास्त. पुढच्या विमानाचं तिकीट दाखवलं तर विमानतळाची बस फुकट नेते. तरी तिकिटं वेगवेगळी असतील, तर मध्ये निदान पाच-सहा तास ठेवावेत. कारण पासपोर्ट तपासणीची रांग, सामान घेणं आणि पुन्हा सामान देणं, हे सगळं त्यातच बसवायचं असतं.

नुसता समुद्रकिनाराच पाहायचा असेल, तर फुकेत आणि क्राबी इथेही विमानतळ आहेत. डोंगर, देवळं हवी असतील, तर उत्तरेला चिआंग माई.

कागदपत्रं ज्याची त्याच्याजवळ

सगळ्यांचे कागद यजमानांच्या फोनमध्ये असतात. रांगेत ते पुढे गेले, तुम्ही मुलांना घेऊन मागे राहिलात आणि अधिकाऱ्याने हॉटेलचा पत्ता विचारला, तर? म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचं पत्र यांची छापील प्रत स्वतःच्या पर्समध्ये ठेवावी. थोडे बाट, म्हणजे तिथलं चलन, तेही आपल्याजवळ हवंच. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ते पाहून घ्यावेत. मे २०२५ पासून आगमनाचं पत्रक पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत इंटरनेटवर भरावं लागतं. लहान मुलांचंसुद्धा. ते फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

सामान भरताना

* लोणचं, तूप, केसांचं तेल मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही.
* सासूबाईंचा अडकित्ता, सुरी, कात्री हेही मोठ्या बॅगेतच.
* सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुळीच नकोत. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात मनाई आहे.
* फोन चार्ज करायची पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच.
* रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ ठेवावीत.
* चिवडा, दशम्या, लाडू खुशाल न्यावेत. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ टाळावेत.
* ई-सिगारेटला थायलंडमध्ये बंदी आहे. घरातल्या तरुण मंडळींना आधीच बजावून ठेवा.

आणि हो, उतरल्याबरोबर घड्याळ दीड तास पुढे करा. बँकॉकला सकाळचे सात वाजतात, तेव्हा आपल्याकडे साडेपाचच झालेले असतात. पोचल्याचा फोन करताना घरच्यांची साखरझोप मोडू नका, म्हणजे झालं!